पत्र्याची पेटी भरण्याआधी



आपल्या विदर्भात जूनच्या अखेरीस शाळा उघडतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या घरी एकच धांदल असते. पत्र्याची पेटी, कुलूप, ताट-वाटी, कपडे, तेलाची बाटली. कोणी शासकीय आश्रमशाळेत जाते, कोणी आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून दूरच्या नामांकित इंग्रजी शाळेत, कोणी धर्मभगिनींच्या वसतिगृहात. भामरागडकडची, एटापल्लीकडची, सिरोंच्याच्या रस्त्यावरची कितीतरी गावे अशी आहेत की शिकायचे तर मुलाने घर सोडलेच पाहिजे. सहा वर्षांचे पोर! शहरातल्या धर्मग्रामात या वयाच्या मुलाला आई अजून हाताने भरवत असते.

मुलांना शिकायला पाठवणाऱ्या पालकांना आम्ही कधीच नावे ठेवणार नाही. उलट त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण मुलांच्या धार्मिक संगोपनावर लिहिलेली जी पुस्तके आमच्या हाती येतात, त्यांत मूल पंधरा-सोळा वर्षांचे होईपर्यंत घरीच आहे असे धरून चाललेले असते. दहाव्या वर्षी हे शिकवा, बाराव्या वर्षी त्याच्याशी असे बोला, वगैरे. आपल्या आलापल्लीच्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांना हा हिशेब लागू पडत नाही. आपल्याजवळ सहा वर्षे आहेत. त्यानंतर मूल दिवाळीला आणि उन्हाळ्याला येणारा पाहुणा होते. म्हणून आजच्या पाठात आपण या सहा वर्षांचाच विचार करू या.

बाप्तिस्म्याच्या दिवशी आईवडील आणि धर्ममातापिता देवासमोर वचन देतात की या बालकाला आम्ही श्रद्धेत वाढवू. त्या दिवशी फोटो निघतात, जेवण होते, आणि पुढे वचनाचे काय झाले हे कोणी विचारत नाही. बहुतेकांची समजूत अशी की मूल मोठे झाले म्हणजे फादर आणि सिस्टर काय ते शिकवतील. पण आता पाहा. शासनाच्या आश्रमशाळेत धर्मशिक्षण मिळणार नाही, आणि ते मिळावे अशी अपेक्षाही धरू नये. भारतीय राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणत्याच धर्माचे शिक्षण देता येत नाही. हा नियम न्याय्य आहे. सर्व धर्मांच्या मुलांचे त्यात रक्षण आहे. राहता राहिले आपले रविवारचे धर्मशिक्षण. ते आठवड्यातून एक तास, आणि वसतिगृहातल्या मुलाला तेवढेही नाही. मग त्या मुलाला प्रार्थना करायला शिकवणार कोण? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात सांगितले की आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत, आणि त्यांनी हे काम केले नाही तर त्याची भरपाई होणे फार कठीण. शहरात हे वाक्य उपदेश म्हणून वाचले जाते. आपल्या भागात ती साधी वस्तुस्थिती आहे.

इथे काही सुशिक्षित पालक आम्हाला अडवतात. "फादर, लहानपणीच मुलाच्या डोक्यात धर्म कशाला भरायचा? मोठा झाला की तो स्वतःच ठरवील." हा विचार नवा नाही. १७६२ साली रूसो या फ्रेंच विचारवंताने 'एमिल' नावाचा ग्रंथ लिहून हाच मुद्दा मांडला होता. त्याच्या कल्पनेतला एमिल पंधरा वर्षांचा होईपर्यंत आपल्याला आत्मा आहे हेदेखील त्याला सांगितले जात नाही. (याच रूसोने स्वतःची पाचही मुले अनाथालयात पाठवली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तेव्हा मुले वाढवण्याच्या बाबतीत त्याचा सल्ला थोडा जपूनच घ्यावा.) तरी त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. ज्या शब्दांचा अर्थ मुलाला उमगत नाही ते शब्द पोपटासारखे पाठ करून घेणे, आणि चुकले की छडी मारणे, याला श्रद्धा म्हणत नाहीत. एवढे मान्य करून आम्ही त्या पालकांना उलट विचारतो: मुलाने मोठे होऊन आपली भाषा निवडावी म्हणून आपण सहा वर्षे त्याच्याशी बोलायचे थांबलात काय? आपण बोललात म्हणूनच तो आज बोलतो, आणि उद्या दुसऱ्या चार भाषा शिकू शकतो. ज्याला प्रार्थना म्हणजे काय हे कधी कळलेच नाही, तो मोठेपणी कशातून काय निवडणार? शिवाय मुलाचे मन रिकामे राहत नाही. आपण काही घातले नाही तर मोबाईल घालतो, आणि तो परवानगी विचारत नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे अधिक बोलू या; कारण आपल्या धर्मग्रामात हाच खरा अडथळा आहे असे आम्हाला वाटू लागले आहे.

रविवारची मिस्सा मराठीत होते. पण मिस्सा संपून लोक अंगणात उभे राहिले की कानावर काय काय पडते? माडिया, गोंडी, तेलुगू, मराठी, आणि एका कोपऱ्यात मल्याळम. घरभेटीच्या वेळी आम्ही लहान मुलांना प्रार्थना म्हणायला सांगतो, तेव्हा आई घाईघाईने मुलाच्या कानात मराठी शब्द सांगू लागते आणि मूल ते अर्धेमुर्धे म्हणते. तीच आई पाच मिनिटांपूर्वी त्याच मुलाशी माडियात हसत-बोलत होती. आम्ही विचारले की रात्री त्याला देवाबद्दल काय सांगतेस, तर म्हणते, "मला मराठी नीट येत नाही फादर, म्हणून मी काही सांगत नाही." म्हणजे देवाला फक्त मराठी समजते अशी तिची प्रामाणिक समजूत!

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात बालपणीची एक आठवण लिहिली आहे. त्यांनी दोन भाषा शिकल्या. लॅटिन ते दायांच्या मांडीवर, लाड आणि हसणे-खेळणे चालू असताना, भीतीशिवाय शिकले. ग्रीक मात्र शाळेत धाकाने आणि माराने शिकवली गेली, आणि ती त्यांना कधी गोड लागली नाही. मोकळ्या कुतूहलाने जे शिकता येते ते भीतीच्या जबरदस्तीने येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. श्रद्धेलाही हे तंतोतंत लागू आहे. मांडीवरच्या भाषेत जे दिले जाते ते आत मुरते. छडीच्या भाषेत जे दिले जाते ते परीक्षेपुरते राहते.

याच ग्रंथात पुढे ते सांगतात की एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचे एक तत्त्वज्ञानाचे पुस्तक वाचून ते भारावून गेले. फक्त एका गोष्टीची त्यांना उणीव भासली. त्या पुस्तकात ख्रिस्ताचे नाव नव्हते, आणि ते नाव तर त्यांनी आईच्या दुधाबरोबर प्यायलेले होते. हे वाचून कोणी असे समजू नये की मोनिका मातेचा मुलगा सरळ वाटेने चालला. वडील पात्रिसियुस ख्रिस्ती नव्हते. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुलगा आईच्या श्रद्धेपासून दूर गेला, वर्षानुवर्षे मानी पंथात राहिला, आणि ३८७ सालच्या पुनरुत्थान सणाला मिलान शहरात संत अँब्रोज यांच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. तेव्हा आम्ही कोणालाही हमी देत नाही. घरी प्रार्थना शिकवलेले मूल पुढे चर्चला येईलच असे नाही, हे आपल्या धर्मग्रामातील काही आईवडिलांना अनुभवाने माहीत आहे आणि ते दुःख आम्ही जाणतो. पण ऑगस्टीन परतले तेव्हा परतण्यासाठी त्यांच्याजवळ एक नाव होते.

गोव्याला १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर उतरले. ते हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि मुलांना गोळा करीत, हे आपण सर्वांनी धर्मशिक्षणात ऐकले आहे. त्याच्या पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. दक्षिणेकडे मोती काढणाऱ्या मच्छीमारांच्या किनाऱ्यावर गेल्यावर त्यांनी स्थानिक लोकांना जवळ बसवून क्रुसाची खूण, श्रद्धेचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया यांचे तमिळ भाषांतर करून घेतले, ते स्वतः पाठ केले आणि मग शिकवायला सुरुवात केली. मुलांना ते सांगत की इथे शिकलेले घरी जाऊन आईवडिलांना आणि शेजाऱ्यांना शिकवा. जन्माने इंग्रज असलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले, तेही याच कारणाने: लोकांच्या कानाला ओळखीच्या असलेल्या ओवीत त्यांना ख्रिस्ताची कथा मिळावी म्हणून. परदेशातून आलेल्या धर्मगुरूंनी एवढे कष्ट घेतले, आणि आपण आपल्याच घरातली भाषा देवासमोर लपवायची?

तेव्हा आमची विनंती अशी. मराठी प्रार्थना मुलांना यायलाच हव्यात. चर्चमध्ये सर्वांबरोबर म्हणण्यासाठी त्या लागतात. पण झोपताना मुलाने देवाशी जे पहिले वाक्य बोलायचे ते घरच्या भाषेत असू द्या. आईला सांभाळ, बाबा जंगलातून सुखरूप येऊ देत, आज मी भावाला मारले त्याची क्षमा कर. एवढी प्रार्थना चार वर्षांच्या मुलाला पुरते. आमचे माडिया किती कच्चे आहे हे आपणास ठाऊकच आहे. या कामात आपण आमचे गुरू आहात.

आता थोडे आपल्या घराण्याच्या वारशाकडे वळू. पोप तेविसावे जॉन यांनी १९६२ साली चांदा मिशन स्थापन केले आणि ते सीएमआय संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवले. या संघाचे एक संस्थापक संत कुर्याकोस एलियास चावरा. केरळमधील कैनकरी गावी १८०५ साली त्यांचा जन्म झाला, १८७१ मध्ये ते वारले, आणि २३ नोव्हेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. मरण्याच्या तीन वर्षे आधी, १८६८ साली, त्यांनी आपल्या गावच्या लोकांना एक पत्र लिहिले. ते 'चावरुळ' या नावाने ओळखले जाते. एका प्रेमळ बापाचे मृत्युपत्र असे आपण त्याला म्हणू. आपल्या मागे ठेवायला त्यांच्याजवळ शेतजमीन नव्हती की सोने नव्हते. म्हणून त्यांनी कुटुंब कसे चालवावे आणि मुले कशी वाढवावीत याच्या सूचना लिहून दिल्या आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी घरात सर्वांनी मिळून त्या वाचाव्यात असे सांगितले.

त्यातल्या काही सूचना पाहिल्या म्हणजे हा माणूस घरोघर फिरलेला होता हे लगेच कळते. मूल ही आईवडिलांकडे देवाने दिलेली ठेव आहे आणि तिचा हिशेब द्यायचा आहे, इथून तो भाग सुरू होतो. मूल बोलू लागले की येशू, मरिया, योसेफ ही नावे त्याच्या जिभेवर यावीत. फार कडक वागणे आणि फार सैल सोडणे दोन्ही घातक. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ ठरलेली असावी, आणि कितीही मोठा पाहुणा आला तरी ती बदलू नये. आणि एक गोष्ट अशी, जी आजच्या काही पालकांनाही जड जाईल: मुले वयात आली की आयुष्याचा मार्ग निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांना द्यावे. रूसोला जे हवे होते ते स्वातंत्र्य इथे आहे. पण आधी भरलेल्या मनाला ते दिलेले आहे.

चावरांना हे कोणी शिकवले? त्यांनी स्वतःच एका आत्मचरित्रपर काव्यात आपल्या आईची आठवण सांगितली आहे. ती मध्यरात्री उठून गुडघे टेकून प्रार्थना करीत असे आणि लहानगा कुर्याकोस तिच्या अंगाला टेकून असे. त्या वयात त्याला त्या प्रार्थनेतले कितीसे कळत असेल? आई कोणाशी तरी बोलते आहे, आणि ज्याच्याशी बोलते तो इथेच आहे, एवढे कळत असेल. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला तेवढे पुष्कळ झाले.

"वेळ कुठे आहे, फादर?" हा प्रश्न येणारच. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात झाला. त्यांच्या आईला दिवसभर घरकाम पुरत असे, म्हणून ती लेकीला भल्या पहाटे उठवून संस्कृत शिकवी. तेव्हा हे कुटुंब ख्रिस्ती नव्हते, आणि रमाबाईंचा पुढचा मार्गही आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतला नव्हता. पण त्या माऊलीची पहाट आम्हाला आपल्या माऊल्यांना सांगावीशी वाटते. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडू लागला की आपल्याकडे सगळे घर अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली जाते. नेमका तो उपवासकाळ असतो. मुले बरोबर असतात, हात वेचत असतात, तोंड मोकळे असते. तिथे एक गोष्ट सांगता येते. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात मोशेने इस्राएलच्या लोकांना हेच सांगितले: देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यात वेगळा वर्ग, फळा, खडू कुठे आले? मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला सगळे बसतात तेव्हाही तसेच. मे महिना तर मरियामातेचा. सत्तर पाने मोजून पुडा बांधणाऱ्या मुलाला जपमाळेचे दहा मणी मोजणे जड नाही.

गोष्टी कोणत्या सांगाव्यात? ज्या मुलाने जंगलात शेळ्या नेल्या आहेत, त्याला हरवलेल्या मेंढराची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. दिवस मावळला, एक शेळी कमी भरते, आणि जंगलात बिबट्या आहे. मूल श्वास रोखून ऐकते. नव्व्याण्णव सोडून एकासाठी मेंढपाळ का गेला, हा प्रश्न ते स्वतःच विचारते. उत्तर देण्याची घाई करू नये. "तू गेला असतास का?" असे त्यालाच विचारावे. आमच्या मते एवढी एक गोष्ट ज्याला मनापासून येते, त्याने निम्मे शुभवर्तमान पेटीत भरून नेले. पेरणाऱ्याची गोष्ट, वादळात होडीत झोपलेल्या येशूची गोष्ट (प्राणहितेचा पूर पाहिलेल्या मुलांसाठी), पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन आलेल्या मुलाची गोष्ट. चार-पाच पुरेत, पण पुन्हा पुन्हा. मोठ्यांना कंटाळा येतो, लहानांना येत नाही.

आणि हाताने काही करू द्यावे. आपल्या भागात तान्हा पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. बैलाविषयीची कृतज्ञता त्यांना कोणी भाषण देऊन शिकवत नाही. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेचो गावी जिवंत गाय-गाढव आणून नाताळची गव्हाण उभी केली, तीदेखील साध्या लोकांनी डोळ्यांनी पाहावे म्हणूनच. आपल्याकडे बांबू आहे, सागाची पाने आहेत. बाजारातला प्लास्टिकचा देखावा आणू नका, मुलांना गोठा बांधू द्या. ॲरिस्टॉटल म्हणत असे की वीणा वाजवूनच माणूस वादक होतो आणि न्यायाने वागूनच न्यायी होतो, आणि ही सवय लहानपणापासून लागण्यावर फार मोठा फरक अवलंबून असतो. प्राणहितेत उतरल्याशिवाय कोणाला पोहता आले आहे?

आता वडिलांशी दोन शब्द. आपल्या घरांत प्रार्थना ही आई-आजीची गोष्ट समजली जाते, आणि बाप अंगणात बसून असतो. मूल हे पाहते, आणि मुलगा असेल तर ठरवून टाकतो की मोठे झाल्यावर हे सोडायचे असते. पोप संत दुसरे जॉन पॉल यांची आई ते आठ वर्षांचे असताना वारली. वडील सैन्यातले माणूस. पुढे पोप झाल्यावर त्यांनी लिहिले आहे की रात्री कधी जाग आली तर वडील गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसत, आणि ते घर हीच त्यांची पहिली सेमिनरी ठरली. वडिलांनी त्यांना धर्मगुरू होण्याबद्दल कधी काही म्हटले नव्हते. आपला गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा आहे, आणि संध्याकाळी काही घरांत काय चालते ते आपण जाणता. ज्या घरी संध्याकाळी मूल बापाच्या पावलांना घाबरते, त्या घरी देवाला 'बाप' म्हणायला आम्ही त्याला कसे शिकवावे? हे कठोर वाटेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काही घरांत आई ख्रिस्ती आणि वडील नाहीत, किंवा आजी-आजोबा गावच्या रीतीने पेनाची पूजा करतात. तिथल्या आया आम्हाला हळूच विचारतात की मुलाला काय सांगावे. त्यांनी तीमथ्याचे घर आठवावे. प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे की त्याची आई विश्वास ठेवणारी होती आणि वडील ग्रीक होते. संत पौल त्याला लिहितात तेव्हा त्याच्या श्रद्धेचे मूळ सांगताना दोन बायकांची नावे घेतात: आजी लोईस आणि आई युनीके. वडिलांविषयी वाईट शब्द नाही. मूल विचारेल की आजोबा कोंबडा देतात, आपण का देत नाही? आजोबांना हसू नये, त्यांच्या रीतीला नावे ठेवू नयेत. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा आजोबांनाही लागू आहे. आपण काय मानतो ते साधेपणाने सांगावे: येशूने स्वतःला आपल्यासाठी दिले, म्हणून आपण मिस्सा करतो. जे मूल दुसऱ्याच्या देवाची थट्टा करायला शिकते, ते वसतिगृहात गेल्यावर स्वतःच्या देवाची थट्टा ऐकून गप्प बसते. आदराने बोलायला शिकलेले मूल तिथे आदराने उत्तर देऊ शकते.

एक व्यावहारिक अडचण राहते, ती पहिल्या ख्रिस्तप्रसादाची. १९१० पूर्वी मुलांना पुष्कळ ठिकाणी दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक वर्षे थांबवून ठेवत. पोप संत दहावे पायस यांच्या काळात त्या वर्षीच्या ८ ऑगस्टला निघालेल्या आदेशाने ते बंद केले: सुमारे सातव्या वर्षी, मुलाला साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक समजू लागला आणि श्रद्धेची मुख्य तत्त्वे त्याच्या कुवतीप्रमाणे कळली, की ते पुरे. मूल तयार आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी त्या आदेशाने वडिलांवर आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर टाकली आहे. आपली अडचण अशी की नेमक्या सातव्या वर्षी आपली मुले घरी नसतात. मग बारा-तेरा वर्षांचा मुलगा, मिशी फुटायच्या बेतात, लहानग्यांच्या रांगेत लाजत उभा राहतो, किंवा येतच नाही. म्हणून तयारीची सुरुवात वसतिगृहात जाण्याआधीच घरी व्हावी आणि शेवटची तयारी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही चर्चमध्ये करून घ्यावी, असे ठरवले आहे.

ज्या घरांतील मुले येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहेत, त्या आईवडिलांनी (दोघांनी) पुढच्या रविवारी मिस्सानंतर अर्धा तास थांबावे. माडिया, गोंडी आणि तेलुगू चांगले बोलणाऱ्या ज्येष्ठ बंधुभगिनींनीही थांबावे. मुलांच्या रात्रीच्या प्रार्थनेसाठी त्या त्या भाषेतली साधी वाक्ये आपण मिळून तयार करू. धर्ममातापित्यांना आमची वेगळी विनंती आहे: आपले धर्मपुत्र किंवा धर्मकन्या कोणत्या वसतिगृहात आहे ते सिस्टरांकडील वहीत लिहून द्यावे, आणि दिवाळीआधी एकदा तरी त्यांना भेटून यावे. जाताना खाऊ न्यावा. मुले त्याचीच वाट पाहतात.

प्रभूच्या सेवेतील,
आपले धर्मगुरू